बशीचे बावीस दात

पाऊस जोराचा लागला की पाणसळ छत्री उघडतो आणि थेट शिवणवालीच्या दारात जाऊन उभा राहतो, ही बातमी पहिल्यांदा फोडली इस्त्रीवाल्याने. त्याचं दुकान खालच्या गल्लीच्या तोंडाशी. दुकान म्हणजे एक फळी, एक जड इस्त्री आणि एक खिडकी. पण त्या खिडकीतून त्याला जे दिसे, ते इतरांना डोळ्यांत तेल घालूनही दिसत नसे.

"उन्हात कधी येत नाही, बरं का," कॉलरवर पाणी शिंपडत तो सांगायचा. "उन्हात आला तर लोक बघतील ना! धो धो लागलेला असतो, सगळ्यांची दारं लावलेली असतात, तेव्हा हा येतो. पाच-सात मिनिटं थांबतो. पँट गुडघ्यापर्यंत भिजवून परत जातो. आणि दुसऱ्या दिवशी तीच पँट माझ्याकडे इस्त्रीला टाकतो! छाती बघा माणसाची."

"पाच मिनिटांत काय होतं रे?" कुणीतरी विचारायचंच.

"ते मला काय विचारता? मी आपला कपड्यांच्या सुरकुत्या काढणारा माणूस. लोकांच्या भानगडी कशाला काढू?"

असं म्हणत म्हणत त्याने गल्लीतल्या एकूण एक घराची भानगड काढलेली होती. त्यात शिवणवालीचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून महिनाभर घरी यायचा. मग काय, बातमीला आपोआप हातपाय फुटले. कुणी म्हणे तिच्यावर त्याचं जुनं मन आहे, कुणी म्हणे तो तिला चिठ्ठ्या देतो. एकीने तर त्याला तिच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने काहीतरी लिहिताना स्वतः पाहिलं होतं. आणि गंमत म्हणजे, ही चौकटीची गोष्ट खरी होती.

आता हा पाणसळ कोण, ते सांगायला हवं. शहराच्या मोजणी कचेरीत तो आरेखक होता, म्हणजे नकाशे काढणारा. पाणसळ हे खरं तर गवंड्याचं हत्यार: काचेची नळी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की जागा सपाट. या माणसाच्या डोक्यात तो बुडबुडा जन्मतःच बसवलेला, म्हणून लोकांनी नावच पाडलं पाणसळ. लग्नानंतर भाड्याची खोली बघायला गेला, तेव्हा त्याने खिशातून गोटी काढून फरशीवर सोडली. गोटी घरंगळत मालकिणीच्या पायाशी गेली.

"पूर्वेला अर्धा इंच उतार आहे," हा म्हणाला.

"दार पश्चिमेला आहे," मालकीण म्हणाली. "तिकडून निघा."

अशा चार खोल्या हातच्या गेल्यावर बायकोने गोटीच लपवली, तेव्हा कुठे पाचवी मिळाली. दुसऱ्याच्या घरात फोटो वाकडा दिसला तर हा गृहस्थ बोलता बोलता उठून तो सरळ करायचा. कचेरीत त्याचा नकाशा कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे. "पाणसळने काढलाय ना? मग झालं," एवढं म्हणून सही व्हायची. या कौतुकाने त्याला वर चढवलं, आणि उतरायची शिडी कुणी ठेवली नाही.

खालच्या गल्लीच्या मागे एक पडीक जमीन होती. दोन-अडीचशे पावलं लांब, जवळपास तेवढीच रुंद. नुसत्या डोळ्यांना सपाट दिसायची. पण मध्यावर ती कडेपेक्षा चार फूट खोल होती, आणि कड चारी बाजूंनी सारखी. पाण्याला आत यायला वाट होती, बाहेर जायला एकही नाही. ना ओढा, ना नाला, ना साधा चर. वरच्या तीन रस्त्यांचं पाणी पावसात धावत सुटायचं ते तिथे येऊन बसायचं. दोन दिवस, फार तर तीन दिवस बसायचं, मग गाजावाजा न करता जमिनीत मुरून जायचं. गल्लीतले लोक त्या जागेला बशी म्हणत. बशीचा उपयोग काय, असं कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, काहीच नाही. सांडलेला चहा टेबलभर पसरू द्यायचा नाही, एवढाच बशीचा उपयोग असतो, आणि तो बशी उचलून नेल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नाही.

ही बशी पाणसळनेच मोजली होती, चौदा वर्षांपूर्वी. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा एका रेघेने जोडतात. टेकडी असली की ती रेघ फिरून स्वतःलाच मिळते आणि कडं तयार होतं. खळगा असला तरी कडंच तयार होतं. फरक ओळखायचा कसा? तर खळग्याच्या कड्याला आतल्या बाजूने तिळाएवढ्या बारीक रेघा काढतात. कचेरीत त्यांना दात म्हणत. दात असले तर खळगा, नसले तर टेकडी. आणि कचेरीची रीत अशी की दात सगळ्यांत शेवटी काढायचे. कड्याची शाई पुरती वाळल्याशिवाय दात काढले की फराटा उठतो. म्हणून कडं काढायचं, तासभर कागदाला हात लावायचा नाही, आणि मग सगळ्यांत बारीक टाक घ्यायचा.

बशीला बावीस दात यायचे होते. त्याने पेन्सिलीचे बावीस ठिपके देऊन ठेवले, कडं काढलं, टाक पुसला, कागद वाळायला सोडला. एवढ्यात शिपाई धावत आला.

"अहो, बसलात काय! दवाखान्यातून निरोप आलाय. वहिनींना नेलंय."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. दोघांनीही आशा सोडल्यासारखी करून पुन्हा गुपचूप धरलेली. हा उठला तो शाईच्या दौतीचं झाकणही न लावता धावला. दुपारी मुलगी झाली. तीन दिवस कचेरीचं तोंड त्याने पाहिलं नाही, आणि त्याबद्दल त्याला कुणी कधी नावं ठेवली नाहीत.

या तीन दिवसांत छापवाला टेबलाजवळ आला. हा प्रती काढायच्या यंत्रावरचा माणूस. यंत्रात अमोनिया असायचा, त्यामुळे त्याचे डोळे बारा महिने गळायचे. हसत असला तरी नुकताच कुणाला पोचवून आल्यासारखा दिसायचा. त्याला सतरा प्रती पाठवायची घाई होती. त्याने रीतीप्रमाणे पेन्सिलीच्या सगळ्या खुणा रबराने पुसल्या, कागद उचलला आणि छापला. पाणसळचा कागद अर्धवट असेल, हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

चौथ्या दिवशी पाणसळ कचेरीत आला तेव्हा प्रत भिंतीवर टांगलेली होती. एका नजरेत त्याला दिसलं. खालच्या गल्लीमागे एक सुबक, गोल, बिनदातांची टेकडी उभी राहिली होती.

तो प्रत काढून घेऊन तडक मोठ्या साहेबांच्या खोलीत गेला. हे इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण तो जाऊन उभा राहिला होता, सांगायलाच गेला होता. पण आत पाहुणे बसलेले. साहेबांनी त्याला बघताच हात पसरले.

"हे आमचे पाणसळ! यांच्या नकाशात एक चूक दाखवा आणि ही माझी खुर्ची घेऊन जा!"

पाहुणे हसले. साहेब म्हणाले, "मुलगी झाली म्हणे! वा, वा. आणि हातात काय?"

पाणसळने हातातल्या प्रतीकडे पाहिलं.

"काही नाही, साहेब. प्रत छान आलीय, एवढंच सांगायला आलो होतो."

चार शब्दांचं काम होतं: साहेब, दात राहिले माझे. तेवढ्यावर सतरा प्रती परत आल्या असत्या, दोन दिवस लोक हसले असते आणि विषय संपला असता. पुढे त्याने हे चार शब्द हजारदा मनात म्हणून पाहिले. मनात म्हणायला अगदी सोपे होते.

चार वर्षं काही झालं नाही. पडीक जमिनीकडे कोण बघतो? तोही स्वतःला सांगायचा, कुणाचं काय बिघडलंय. मग एका नव्या अधिकाऱ्याला ट्रक उभे करायला जागा हवी होती. त्याने नकाशा पसरला, बोट फिरवलं आणि टेकडीवर ठेवलं. उंच जागा, पाणी साचायची भीती नाही, थोडी कापली की झाला ट्रकतळ! कागद पाणसळच्या टेबलावरून पुढे गेला. त्या दिवशी शनिवार होता. सोमवारी नक्की सांगायचं, असं त्याने ठरवलं. सोमवारी सकाळी मशिनं जागेवर पोचली होती.

मुकादम चारी बाजूंना फिरून आला. "साहेब, कापायची टेकडी कुठाय?"

अधिकाऱ्याने नकाशा पाहिला, जमीन पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. "आधीच कुणीतरी कापली असेल."

"फारच कापलीय की हो. खड्डा पडलाय."

"मग भरून घ्या!"

गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी जाऊन सांगितलं, अहो, ही बशी आहे, पिढ्यानपिढ्या पाणी इथे बसतं. अधिकारी हसून म्हणाला, "आजोबा, लोक काहीही म्हणतात. नकाशा पाणसळांचा आहे." आणि रस्त्याच्या बाजूची अर्धी बशी दगडमातीने भरून, रोलर फिरवून चोख सपाट केली. गोटी ठेवली असती तर हलली नसती.

त्या वर्षी मोठा पाऊस आला तेव्हा पाणसळ छत्री घेऊन बघायला गेला. तीन रस्त्यांचं पाणी नेहमीसारखं धावत आलं. निम्मं उरलेल्या बशीत बसलं. बाकीच्याला बसायला जागा नव्हती, ते ट्रकतळाला वळसा घालून खालच्या गल्लीत शिरलं. गल्लीत सगळ्यांत खाली उंबरा होता शिवणवालीचा. शिलाई मशीन टेबलावर चढवलेलं, त्याच्यावर लोकांचे अर्धवट शिवलेले कपडे, आणि चार विटांवर उचललेल्या खाटेवर तिची सासू. पाय गेलेले, दात गेलेले. जीभ मात्र शाबूत, किंबहुना दातांच्या वाटणीचं कामही तीच करायची.

"कोण पाहिजे तुम्हाला?" शिवणवालीने विचारलं. ती सुपडीने घरातलं पाणी उपसत होती.

पाणसळने खिशातून घडीची फूटपट्टी काढली. "मी कचेरीतून आलोय. पाणी मोजायला."

"बरं झालं, बाई, कुणीतरी आलं," ती म्हणाली. आणि त्या पाण्यात उभी राहून तिने त्याला चहा करून दिला.

त्याला कुणी पाठवलेलं नव्हतं. मोजून काय करणार होता, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने चौकटीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली, बाजूला तारीख घातली, चहा प्यायला आणि निघाला. पुढच्या जोराच्या पावसात पुन्हा आला. मग येतच राहिला. दहा वर्षं.

"आला का गं तुझा पाणी मोजणारा?" म्हातारी खाटेवरून ओरडायची. "ये रे बाबा, ये. लोक पोरांची उंची चौकटीवर लिहितात, तू पाण्याची लिही. बघ, यंदा बोटभर वाढलंय. खातंपितं पाणी आहे हो आमचं."

"आई, उगाच काय! साहेब आपल्यासाठीच येतात ना," शिवणवाली म्हणायची.

"अगं, मी कुठे नाही म्हणते? पण इतकी वर्षं मोजतोय, अजून बेरीज काही सांगत नाही. का रे? हे पाणी पूर्वी आमच्याकडे येत नव्हतं. बशीत जायचं, बसायचं, मुरायचं. त्याची बसायची जागा काढून घेतलीत तुम्ही. मग ते येऊन आमच्या घरी बसतं. त्या पाण्याचा काय दोष?"

पाणसळ खाली बघून रेघ मारायचा. हात इतका स्थिर की सगळ्या रेघा सरळच यायच्या.

आणि यातली सगळ्यांत वाईट गोष्ट त्याला चौथ्या-पाचव्या वर्षी कळली. शेजारी तक्रारीचा अर्ज लिहायला बसले होते, सह्याही गोळा व्हायच्या होत्या. शिवणवालीने थांबवलं. "कशाला? कचेरी लक्ष घालतेय. त्यांचा माणूस प्रत्येक पावसात येऊन मोजून जातो," ती म्हणाली आणि चौकट दाखवली. शेजाऱ्यांना पटलं. खालच्या गल्लीतून एकही अर्ज कचेरीत गेला नाही, तो या माणसाच्या पेन्सिलीमुळे. हे तिने त्याला चहा देताना अभिमानाने सांगितलं, आणि त्याने तो चहा तसाच खाली ठेवला.

घरी त्याचं एक वेगळंच चाललं होतं. मुलीचा वाढदिवस आला की याचं तोंड उतरायचं. इतर दिवशी तिला खांद्यावर घेऊन नाचणारा माणूस त्या दिवशी सकाळपासून खिडकीशी बसायचा. जेवायला बोलावलं तर यायचा, हसायला सांगितलं तर हसायचा, पण ते हसू बघून रडणं बरं वाटावं. बायको समजायचं ते समजली होती. लोकांकडून छत्रीची बातमी कळल्यावर तर तिने मनात दोन्हींची गाठ मारून टाकली. विचारलं मात्र काही नाही. फक्त पाऊस लागला की छत्री दाराशी आणून ठेवायची, आदळून.

चौदाव्या वर्षी उरलेली अर्धी बशी भरायचा कागद आला. ट्रक वाढले होते, तळ अपुरा पडत होता. या वेळी विभागावर एक मॅडम होत्या, चटचट बोलणाऱ्या, चटचट चालणाऱ्या. त्यांनी नियम काढला होता की भराव घालायच्या आधी मुख्य आरेखकाने लिहून द्यायचं: नकाशा जागेशी जुळतो, मी खात्री केली आहे. आणि मुख्य आरेखक आता पाणसळच होता.

कागद त्याच्यासमोर सकाळी आला. चार वाजता मॅडमच्या खोलीत बैठक. सही केली तर पुढच्या पावसात पाणी विटांवर थांबणार नव्हतं. दहा वर्षांच्या रेघा त्याला तोंडपाठ होत्या, आकडा त्याला माहीत होता. पाणी खाटेच्या वर जाणार होतं, आणि खाटेवर चालता न येणारी म्हातारी होती. सही केली नाही तर मॅडम विचारणार, का नाही?

दुपारच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन गेले. पाणसळने कपाटातून मूळ कागद काढला, टेबलावर पसरला, दौत उघडली आणि सगळ्यांत बारीक टाक घेतला. हा मार्ग त्याला सकाळीच सुचला होता आणि सुचल्यापासून स्वतःचीच लाज वाटत होती. एकेक करून त्याने बावीस दात काढले. कडं तर चौदा वर्षं वाळत होतं. एकही फराटा उठला नाही.

चार वाजता मॅडमनी मूळ कागद आणि स्वतःकडची जुनी प्रत शेजारी शेजारी ठेवली.

"हे काय? मूळ नकाशात हा खळगा आहे. माझ्या प्रतीत टेकडी?"

"खळगाच आहे, मॅडम," पाणसळ म्हणाला. "तीन रस्त्यांचं पाणी तिथे थांबतं. गटारं पाणी पळवतात, ही जागा पाणी थांबवते. पळवायला जमत नाही इतकं पाणी आलं की अशीच जागा लागते. भरू नये."

"ते ठीक आहे. पण हे दात प्रतीत का नाहीत? प्रती कोण काढतं?"

छापवाल्याला बोलावलं. तो डोळे पुसत आला. सहा महिन्यांवर त्याची निवृत्ती होती. मॅडमनी दोन्ही कागद त्याच्यापुढे सरकवले आणि जरा कडक आवाजात विचारलं, "चौदा वर्षांपूर्वी तुम्हीच छापलंत ना? बारीक रेघा उडाल्या कशा? यावर अर्धी जागा भरली गेलीय. मला लेखी खुलासा लागेल."

छापवाला मूळ कागदावर वाकला. कड्याची रेघ जुनी होऊन तपकिरी पडली होती. दात काळेभोर होते. ज्याने आयुष्यभर शाई बघितली, त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. त्याने मान वर करून पाणसळकडे पाहिलं. मग मॅडमकडे वळला.

"छपाईत उडाल्या असतील, मॅडम. कधी कधी उडतात. माझंच लक्ष नसेल त्या दिवशी."

त्याचे डोळे गळत होते. पण ते तर नेहमीच गळत.

पाणसळला वाटलं, हा भांडला असता तर बरं झालं असतं. "मी छापलं ते कागदावर होतं तेच" असं ओरडला असता, तर आपण गप्प बसू शकलो असतो. गप्प बसायची सवय होती.

"दात मी आज काढले," तो म्हणाला. "जेवणाच्या सुट्टीत. चौदा वर्षांपूर्वी राहिले होते. यांनी होतं तसंच छापलं. चौथ्या दिवशी मला कळलं होतं."



"चौथ्या दिवशी?" मॅडमनी विचारलं. "आणि सांगितलं नाहीत?"

"सांगायला गेलो होतो. प्रत छान आलीय, असं सांगून परत आलो."

 मॅडम उठल्या, म्हणाल्या, "चला, जागा दाखवा." सही करायच्या आधी जागा बघायला जाणाऱ्या त्या पहिल्याच अधिकारी. उरलेल्या बशीतल्या सगळ्यांत खोल जागी त्यांनी स्वतः मोजणीची काठी धरली, आणि पाणसळने दुर्बिणीतून वाचलं. चार फूट खाली. भरावाचा कागद त्यांनी तिथेच उभ्याने फाडला. पाणसळचीही त्यांनी गय केली नाही. मुख्य आरेखकाची खुर्ची गेली, ठपका आला, आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं त्याला तळघरातल्या जुन्या नकाशांच्या खोलीत काढायची होती. तिथे फरशीला पाऊण इंच उतार होता. त्याने कुणाला सांगितलं नाही.

छापवाला जिन्यात भेटला. "कशाला बोललास, बाबा? माझे सहाच महिने राहिले होते. निभावलं असतं."

"म्हणूनच," पाणसळ म्हणाला. 

घरी आला तेव्हा बायको आणि मुलगी दोघीही होत्या. त्याने बूट न काढता सगळं सांगितलं: कडं, दात, दवाखान्याचा निरोप, चौकट, सगळं. बायको ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं.

"हिच्या वाढदिवसाला तुमचं तोंड उतरतं, ते यामुळे?"

"हो."

"दरवर्षी?"

"तो दिवस तोच ना."

ती मटकन खाली बसली. "बारा वर्षांनी झाली आणि मुलगी झाली, म्हणून तुम्ही झुरता, असं मी समजत होते. चौदा वर्षं! अहो, एकदा तरी बोलायचं! शिवणवालीचं खरं असतं तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. हे मी कुणाशी भांडू?"

पाणसळने मुलीकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती.

"तुलाही तसंच वाटायचं?"

तिने मान डोलावली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळेच झालं की, बाबा. तुम्ही माझ्यासाठी धावलात."

"धावलो ते बरोबर केलं," तो म्हणाला. "परत येऊन बोललो नाही, ते माझं. तुझं त्यात काही नाही."

हे बोलताना त्याला कळलं की खालच्या गल्लीतली चौकट मोजत असताना, आपल्याच घरातलं पाणी केवढं चढलं ते आपण पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कोरड्या उन्हात खालच्या गल्लीत गेला. इस्त्रीवाल्याची इस्त्री शर्टावर तशीच राहिली आणि बाही करपली. शिवणवालीने सगळं ऐकून घेतलं. तिने आरडाओरडा केला नाही. मशीनवरचा कपडा काढला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"मी शेजाऱ्यांना अर्ज करू दिला नाही, साहेब," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर."

"माहीत आहे मला."

त्या दिवशी तिने चहा विचारला नाही. म्हातारी मात्र खाटेवरून म्हणाली, "दात राहिले म्हणे तुझे? माझे तर सगळेच गेले, पण मी कुणाचं घर नाही बुडवलं. आता येणार का मोजायला, की बेरीज झाली?"

"येईन."

"ये. निदान आता कशाला येतोस ते तरी कळलं."

उरलेली अर्धी बशी राहिली. भरलेली अर्धी परत उकरून मिळाली नाही. तिच्यावर ट्रक उभे आहेत. त्यामुळे मोठ्या पावसात शिवणवालीच्या उंबऱ्यावर अजूनही पाणी येतं, आणि पाणसळ अजूनही छत्री घेऊन जातो. बायको छत्री दाराशी ठेवते, पण आता आदळत नाही. इस्त्रीवाल्याला लोकांनी खरं काय ते सांगून पाहिलं. तो म्हणतो, "असले नकाशेबिकाशे मला सांगू नका. मी डोळ्यांनी बघितलंय." गल्लीत अजूनही त्याचंच चालतं.

खरं एवढंच आहे. पाणसळचं शिवणवालीशी काहीही नव्हतं. पाऊस लागला की तो तिच्या उंबऱ्यावरचं पाणी मोजायला जायचा, कारण नकाशावर बशीचे बावीस दात काढायचे त्याच्याकडून राहिले होते, आणि हे माहीत असून तो चौदा वर्षं गप्प बसला होता.